भाव सोलापूरचा, भत्ता दिल्लीचा

सोलापूरच्या साखर पेठेत माझं दहा बाय बाराचं ऑफिस आहे. पीएफचे फॉर्म, आधारवरच्या नावाच्या दुरुस्त्या, हयातीचे दाखले, वारसांचे दावे, यावर माझं घर चालतं. २०२५ची दिवाळी उलटल्यावर एका सकाळी एक ओळखीचे गृहस्थ आले आणि टेबलावर दोनशे पानी वही ठेवली. पुठ्ठ्यावर निळ्या शाईत लिहिलेलं, ‘केंद्र सरकारने करावयाच्या सुधारणा’. खाली पट्टीने मारलेल्या दोन रेघा.

त्यांना सगळी पेठ अण्णाच म्हणते. वय ७१. घरात तेलुगू, सातवीपर्यंतची शाळा मराठी, आयुष्य मागावर. आधी मिलमध्ये, मिल बंद पडल्यावर टॉवेलच्या कारखान्यात. त्यांची बायको, अक्का, लग्न होऊन आली तेव्हापासून विड्या वळायची. दोघांनाही पीएफच्या १९९५च्या योजनेतली पेन्शन आहे. दरमहा हजार त्यांना, हजार तिला.

‘‘मालक, हे दिल्लीला पाठवायचंय,’’ अण्णा म्हणाले. ‘‘लिहून मी आणलंय. कुठं टाकायचं तेवढं सांगा.’’

मला वाटलं, तासाभराचं काम आहे. तिथंच मी चुकलो.

वहीत काय होतं

चौदा मुद्दे होते. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, ते रोज यावं. मिनिमम बॅलन्सचे पैसे बँकेने कापू नयेत. वीस कामगारांची अट काढून लहान कारखान्यांनाही पीएफ लावावा. खासदारांची पेन्शन बंद करावी. रेल्वेत ज्येष्ठांना पूर्वी मिळायची ती सवलत पुन्हा सुरू करावी. हयातीच्या दाखल्याला बोटाचा ठसा मागू नये. किमान पेन्शन ७,५०० करावी. असं बरंच. काही मुद्दे एका ओळीत उरकलेले, तर पेन्शनचा मुद्दा अकरा पानं, त्यात तूरडाळीचे, गॅसचे आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचे भाव तारखेसह. किराणा दुकानाच्या चिठ्ठ्या टाचणीने लावलेल्या.

आपल्याकडे असं काही आलं की दोनच गोष्टी होतात. निवेदन टाइप करून जिल्हाधिकारी कार्यालयात द्यायचं आणि पोच घ्यायची, नाहीतर आंदोलनं होतात त्या पूनम गेटसमोर मंडप टाकायचा. दोन्हींचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. याच शहरातल्या विडी कामगारांनी मोर्चे काढून काढून कुंभारीत दहा हजार घरं उभी करून घेतली, पुढे रे नगरची तीस हजार घरं मंजूर झाली आणि त्यातल्या पंधरा हजारांच्या चाव्या १९ जानेवारी २०२४ला पंतप्रधानांच्या हस्ते वाटल्या गेल्या. पण त्यामागे कामगार नेते नरसय्या आडम यांच्यासारखा माणूस आणि कित्येक वर्षांची संघटना होती. अण्णांच्या मागे कोण? अक्का आणि मी.

पहिली चूक

चौदाच्या चौदा मुद्दे मी केंद्र सरकारच्या सीपीग्राम्स या तक्रार पोर्टलवर टाकले. दोन संध्याकाळी टायपिंग केलं. तिथे तक्रार निकाली काढायला २१ दिवसांची मुदत असते. आमची त्याच्या आतच बंद झाली, आणि दोष पोर्टलचा नव्हता. कोणत्या गोष्टी इथे घेतल्या जात नाहीत, याची यादी तिथेच दिलेली आहे. माहिती अधिकाराची प्रकरणं, न्यायालयातल्या बाबी, धार्मिक बाबी, आणि सूचना. होय, सूचना. यादी न वाचता बटण दाबणारा मी. गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर मी त्याला चार शब्द ऐकवले असते.

अण्णांना सांगितलं तर ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘म्हणजे रडलं तर ऐकणार, सुचवलं तर नाही?’’

त्यांचं वाक्य चुकीचं होतं, पण अगदीच नाही. तक्रार म्हणजे नियम आहे आणि तो माझ्या बाबतीत पाळला गेला नाही. सूचना म्हणजे नियमच बदला. पहिल्यासाठी खिडकी आहे. दुसऱ्यासाठी कोणत्या दारावर थाप मारायची, हे आधी शोधावं लागतं, आणि त्याहून आधी आपलं म्हणणं नेमकं कोणता नियम, कोणतं कलम, कोणता आकडा बदला असं आहे, ते ठरवावं लागतं. ‘महागाई फार झाली आहे, योग्य तो निर्णय घ्यावा’ या वाक्यावर कोणताही अधिकारी काहीही करू शकत नाही. त्याला योग्य वाटलं तेच तर चालू आहे.

म्हणून आम्ही वही पुन्हा उघडली आणि काटछाट सुरू केली.

काय गळलं

पाणी महापालिकेचं, ते पहिल्या फेरीत गेलं. खासदारांच्या पेन्शनवरून आमचा वाद झाला. अण्णांचं म्हणणं, एप्रिल २०२३पासून माजी खासदाराला किमान ३१,००० मिळतात, मग आम्हाला हजार का? मी म्हटलं, त्यांची बंद झाली म्हणून तुमच्यात एक रुपया वाढणार नाही. हा राग आहे, प्रस्ताव नाही. ‘‘रागच आहे की,’’ अण्णा म्हणाले आणि स्वतःच काट मारली.

वीस कामगारांचा मुद्दा मला मनापासून पटतो. एकाच शेडमध्ये मधे पत्रा ठोकून दोन नावांच्या पाट्या लावायची युक्ती सोलापूरला नवी नाही. हिशेब एकच, कुठल्याच पाटीखाली वीस भरायला नकोत. २१ नोव्हेंबर २०२५ला चार कामगार संहिता लागू झाल्या, त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही पीएफसाठी वीसचाच आकडा राहिला. पण अण्णांनी या मुद्द्याखाली दोनच ओळी लिहिल्या होत्या आणि दोन ओळींवर कायदा बदलत नाही. तो बाजूला ठेवला. कुणीतरी तरण्याताठ्याने घ्यावा.

अंगठ्याचा मुद्दा मात्र घरचा होता. विडी वळणारीच्या बोटांकडे कधी नीट बघितलंय का? भिजवलेलं पान कात्रीने कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा मारायचा, टोक दुमडायचं. दिवसाला हजाराच्या आसपास, आणि असे दिवस किती त्याचा हिशेब नाही. अक्काची तर्जनी आणि अंगठा हाताला लागतो तो गुळगुळीत, चिंचोक्यासारखा. दोन वर्षांपूर्वी एका सेवा केंद्रात हयातीच्या दाखल्यासाठी तिने पाच वेळा बोट ठेवलं. मशीनने पाचही वेळा नाही म्हटलं. ‘‘पुढच्या आठवड्यात या,’’ असं तिला सांगण्यात आलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. चार महिने पेन्शन थांबली. माझ्याकडे आली तेव्हा नातवाच्या मोबाइलवर चेहरा दाखवून दाखला सहा-सात मिनिटांत निघाला. थकलेले चार हजारही जमा झाले.

चेहऱ्यावरून दाखला द्यायची सोय २०२१पासून आहे. या योजनेच्या पेन्शनरांना सरकारी पेन्शनरांसारखी नोव्हेंबरचीही वाट बघावी लागत नाही. वर्षात केव्हाही दाखला द्या, तिथून बारा महिने चालतो. म्हणजे धोरण ठीक आहे, ते साखर पेठेपर्यंत आलेलं नाही एवढंच. अण्णांच्या वहीतले निदान चार मुद्दे असे होते की सरकारने ते आधीच केलंय आणि कुणी सांगितलेलं नाही. हे कळल्यावर त्यांना आनंद होईल असं मला वाटलं होतं. ते खट्टू झाले. मेहनतीने शोधलेलं कुणीतरी आधीच शोधून ठेवलंय म्हटल्यावर कुणाचंही तसंच होतं.

हजार रुपये येतात कुठून

उरला पेन्शनचा मुद्दा. इथे थोडा हिशेब करावाच लागेल.

ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ला सुरू झाली. मालकाच्या हिश्शातले पगाराच्या ८.३३ टक्के तिच्यात जातात, केंद्र सरकार १.१६ टक्के घालतं. कामगाराच्या स्वतःच्या हिश्शातला पैसा पेन्शनमध्ये जातच नाही, तो भविष्य निर्वाह निधीत राहतो. हे सांगितलं की माझ्यासमोर बसलेल्या दहातले नऊ जण चमकतात. पगार कितीही असला तरी हिशेबाला मर्यादा असते. ती २००१ साली ६,५०० झाली, १ सप्टेंबर २०१४पासून १५,०००. आणि पेन्शनचं सूत्र असं: सरासरी पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०.

अण्णांची मिलमधली नोकरी हिशेबात नाही. मिल बंद पडली तेव्हा मुलीच्या लग्नाला त्यांनी सगळे पैसे काढून घेतले. नोकरी सुटली की पेन्शनचेही पैसे उचलायचे, त्याने मागची वर्षं पुसली जातात, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसायचं. राहिली टॉवेल कारखान्यातली पंधरा वर्षं. शेवटचा सरासरी पगार, कागदावरचा, ३,५००. म्हणून ३,५०० गुणिले १५ भागिले ७०, बरोबर ७५० रुपये. १ सप्टेंबर २०१४ला सरकारने किमान पेन्शन हजार केली, तेव्हा ७५०चे हजार झाले. त्यानंतर तो आकडा हललेला नाही. योजनेत महागाई भत्ता नाही, त्यामुळे आपोआप हलण्याची सोयही नाही.

हे अण्णांना माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं ते दुसरंच, आणि खरं सांगायचं तर माझ्याही ते कधी डोक्यात आलं नव्हतं.

केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा बदलतो. तो ठरतो औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकावर. श्रम ब्युरो देशातल्या ८८ केंद्रांमधले किरकोळ भाव गोळा करून हा निर्देशांक दर महिन्याला काढतो, पायाभूत वर्ष २०१६. केंद्रांची यादी मी अण्णांना स्क्रीनवर दाखवत होतो. महाराष्ट्रातली नावं वाचत खाली आलो. मुंबई, नागपूर, नाशिक, पुणे. आणि सोलापूर.

अण्णांनी चष्मा वर केला, खाली केला. ‘‘आपलं सोलापूर?’’

‘‘आपलंच.’’

‘‘म्हणजे आपल्या इथल्या तुरीचा भाव बघून दिल्लीतल्या साहेबाचा पगार वाढतोय?’’

मी म्हटलं, अगदी तसं नाही, ८८तलं एक, त्यातही वाटा छोटा. पण मुळात खरं आहे. निर्देशांक औद्योगिक कामगारांचा, सोलापूर त्यात गिरणगाव म्हणून. त्यावर ठरणारा भत्ता ७व्या वेतन आयोगात १ जानेवारी २०१६ला शून्यावर आणला होता, तो १ जुलै २०२५पासून ५८ टक्के झाला. आणि ज्या कामगाराच्या बाजारातून हे भाव उचलले, त्याची किमान पेन्शन त्या निर्देशांकाला बांधलेलीच नाही.

किराण्याच्या चिठ्ठ्या घेऊन अण्णा अकरा पानांत जे सांगू पाहत होते, ते एका ओळीत बसलं: किमान पेन्शन औद्योगिक कामगारांच्या ग्राहक किंमत निर्देशांकाशी जोडा. नवा निर्देशांक नको, नवी समिती नको, भाव मोजणारा माणूस आधीच बाजारात फिरतोय.

१,५८० रुपयांचं भांडण

किती मागायचे, यावर आमचं सगळ्यात जास्त बिनसलं.

देशभरातल्या पेन्शनर आंदोलनाची मागणी ७,५०० अधिक भत्ता अशी आहे. अण्णांनीही तेच लिहिलं होतं. मी पाटीवर हिशेब मांडला. २०२४मध्ये केंद्रीकृत पेन्शन वाटपाची पद्धत जाहीर झाली तेव्हा सरकारने पेन्शनरांची संख्या सांगितली होती ७८ लाखांच्या वर. सगळ्यांना किमानच मिळते असं धरू. तसं नाही, काहींना जास्त मिळते, पण वरची हद्द कळावी म्हणून. दरमहा ६,५०० जादा म्हणजे वर्षाला ६०,८४० कोटी. याच हजारावर ५८ टक्के भत्ता दिला तर ५८० जादा, म्हणजे वर्षाला ५,४३० कोटींच्या आसपास. पहिल्याच्या अकराव्या हिश्शाइतकं.

‘‘म्हणजे १,५८० मागायचे?’’ अण्णांचा चेहरा पडला. ‘‘मालक, लोक हसतील की.’’

लोक हसलेच. अशोक चौकातल्या चहाच्या टपरीवर त्यांच्याबरोबर बसणाऱ्यांपैकी एकाने तर विचारलं, दिल्लीला पाठवायच्या कागदावर पाचशे ऐंशी मागतोस? दुसऱ्याने सर्वोच्च न्यायालयाचा २०२२चा निकाल काढला. तो जास्त पगारावरच्या जादा पेन्शनचा आहे, त्याचा हजारवाल्यांशी संबंध नाही, पण टपरीवर सगळं एकाच किटलीत उकळतं.

माझं मत मी लपवत नाही. ७,५००ची मागणी अन्यायाची नाही. पण ती मान्य झाली आणि पुन्हा निर्देशांकाला जोडली नाही, तर अकरा वर्षांनी तिचीही आजच्या हजारासारखी गत होईल. रक्कम दिली की सरकार मोकळं होतं, जोडणी दिली की होत नाही. म्हणून जोडणीच अवघड. अर्थखात्याला ६० हजार कोटींपेक्षा ‘दर सहा महिन्यांनी’ हे शब्द जास्त टोचतील असा माझा अंदाज आहे.

अण्णांनी दोन दिवस घेतले. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, ‘‘अक्का म्हणतीय, ५८० म्हणजे गॅसची अर्ध्याहून जास्त टाकी. लिहा.’’ २०१४ ते २०१६ची दोन वर्षं मात्र आपण सोडून देतोय, असं त्यांनी मला दोनदा ऐकवलं. बरोबरच होतं त्यांचं.

दारं

खासदाराला प्रश्न विचारायला सांगणं हे एक दार. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न घेतले जातात, चिठ्ठ्या टाकून. किमान पेन्शन वाढवणार का, हा प्रश्न अधिवेशनामागून अधिवेशन विचारला जातो आणि उत्तर बहुतेक तेच असतं. म्हणून आम्ही ‘वाढवणार का’ विचारलंच नाही. मसुद्यात आकडा मागितला: किमान पेन्शन या निर्देशांकाला जोडली तर वार्षिक खर्च किती, याचा अंदाज सरकारने काढला आहे का, असल्यास किती? आकडा आला तर हातात काहीतरी राहतं. ‘नाही’ आलं तरी राहतं. तो कागद खासदारांच्या स्थानिक कार्यालयात दिला, पोच घेतली.

दुसरं दार मला जास्त आवडतं, कारण ते फार कुणाला माहीतच नाही. संसदेकडे याचिका. न्यायालयातली नव्हे, सभागृहाकडची. दोन्ही सभागृहांची याचिका समिती असते आणि सार्वजनिक हिताच्या प्रश्नावर कोणताही नागरिक तिच्यापुढे जाऊ शकतो. याच पेन्शन योजनेवर राज्यसभेकडे अशी याचिका गेली होती. २०१३ साली त्या समितीने, भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष असताना (तेच, पुढे आपले राज्यपाल झालेले), किमान ३,००० आणि सोबत महागाई भत्ता सुचवला. पुढच्या वर्षी हजार झाले. मागितल्याचा तिसरा हिस्सा, आणि भत्ता गायब. तरीही शून्यावरून हजारावर आणणाऱ्या गोष्टींमध्ये ती याचिका होती.

लोकसभेचे नियम वाचायला बसलो तर अण्णांची वही आणखी बारीक झाली. राज्याच्या विधिमंडळात मांडायचा विषय चालत नाही. कायद्याने ज्याला दुसरी दाद आहे तो चालत नाही. भाषा हिंदी किंवा इंग्रजी. मराठीत लिहिलीत तर भाषांतर जोडा आणि त्याखालीही सही करा. खासदारामार्फत मांडायची तर त्याची प्रतिस्वाक्षरी. आणि एक नियम अण्णांच्या फार जिव्हारी लागला: याचिकेला कोणताही दस्तऐवज जोडायचा नाही. म्हणजे तूरडाळ गेली, गॅस गेला, गोळ्यांच्या पट्ट्या गेल्या. अकरा पानांच्या टाचण्या त्यांनी स्वतःच्या हाताने एकेक काढल्या आणि माझ्या टेबलावरच्या डबीत टाकल्या. चिठ्ठ्या घडी घालून खिशात.

शेवटी याचिका दीड पानाची झाली. चौदा मुद्द्यांतला एक.

सह्या

नियम असा की प्रत्येक सही करणाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता आणि सही. लिहिता येत नसेल तर अंगठा. जानेवारीतल्या एका रविवारी, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरल्यावर, माझ्या ऑफिसात ३१ जण येऊन गेले. बहुतेक मागावरचे आणि विड्यांवरच्या बायका. टपरीवरचा हसणाराही आला, सही करून गेला, हसला नाही. नावं आधारवर आहेत तशीच घ्यायची असं मी ठरवलं होतं, कारण एकाच बाईचं नाव पीएफला एक, आधारला दुसरं आणि घरी तिसरं, हा माझा रोजचाच धंदा.

अक्का सगळ्यात शेवटी आली. तिला सही येत नाही. शाईचं पॅड पुढे केलं, तिने अंगठा दाबला, मग कागदावर. बाकीच्यांच्या अंगठ्यांत रेषा दिसत होत्या, वर्तुळं दिसत होती. अक्काच्या नावापुढे एक निळा गोल ठिपका उमटला, आत काही नाही.

अण्णा वाकून बघत होते. ‘‘मालक, हे चालतंय का?’’

मी नियम पुन्हा काढून वाचला. ठसा म्हटलंय, रेषांचं काही म्हटलेलं नाही.

‘‘चालतंय,’’ मी म्हटलं. अक्काने अंगठा पदराच्या टोकाला पुसला आणि विचारलं, भाषांतराच्या कागदावर पण करायचा ना?